तांबडी फीत ते क्रमांक ३१ : टर्मिनलवरील रंगांची कुळकथा

काळ्या पडद्यावर चूक झाली की तांबडी अक्षरे उमटतात, चाचणी पार पडली की हिरवी. प्रोग्रामिंगचे पहिले धडे गिरवणाऱ्या कोणालाही हे दृश्य परिचयाचे आहे. या तांबड्याला संगणकाच्या भाषेत ३१ हा क्रमांक आहे, हिरव्याला ३२. मग निळ्याला ३३ का नाही, ३४ का? आणि पडद्यावर कधीकधी रंगाऐवजी चौकटी कंस, आकडे आणि रोमन ‘एम’ यांचा कचरा का सांडतो? याची उत्तरे शोधताना आपल्याला साठ-पासष्ट वर्षे मागे, पडदाच नसलेल्या काळात जावे लागते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभी कागद होता. १९६३ साली आलेले टेलिटाइप कंपनीचे ‘मॉडेल ३३’ हे यंत्र म्हणजे तारायंत्र आणि टंकलेखन यंत्र यांचे अपत्य. वेग सेकंदाला दहा अक्षरे, अक्षरे केवळ मोठ्या लिपीतील, आणि खडखडाट असा की शेजारी बसून बोलणे अवघड. संगणकाशी संवाद साधायचा तो या यंत्राच्या द्वारे. तुम्ही टंकित केलेले आणि संगणकाने उत्तरादाखल पाठवलेले, दोन्ही एकाच कागदाच्या गुंडाळीवर छापले जाई. युनिक्समध्ये आजही टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात, ते ‘टेलिटाइप’चेच लघुरूप.

आता या कागदावर एखादा शब्द उठून दिसावा असे वाटले तर? उपाय टंकलेखकांना आधीपासूनच ठाऊक होता. अक्षर छापायचे, एक घर मागे यायचे आणि त्याच जागी तेच अक्षर पुन्हा ठोकायचे. शाई दुप्पट बसते, अक्षर ठळक होते. मागे येऊन त्याखाली आडवी रेघ छापली की झाले अधोरेखन. ज्या टर्मिनलांना असे मागे येता येत असे, त्यांवर युनिक्समधील ‘एनरॉफ’ हा मजकूर मांडणारा प्रोग्राम हेच करी. गंमत अशी की कागद गेला, हातोडे गेले, तरी हा संकेत गेला नाही. ‘लेस’ या प्रोग्रामला आजही ‘अक्षर, मागे, तेच अक्षर’ असा क्रम दिसला की तो ते अक्षर पडद्यावर ठळक करून दाखवतो.

रंगही होता! टंकलेखन यंत्रांची फीत पुष्कळदा दुरंगी असे, वरचा पट्टा काळा आणि खालचा तांबडा. संगणकाच्या वर्णांचे जे आद्य अमेरिकी मानक, ‘ॲस्की’, त्यात १४ आणि १५ या क्रमांकांचे दोन अदृश्य वर्ण आहेत, ‘शिफ्ट आउट’ आणि ‘शिफ्ट इन’. टेलिटाइपच्या ‘मॉडेल ३८’सारख्या यंत्राला १४ मिळाला की फीत सरकून तांबडा पट्टा पुढे येई, १५ मिळाला की पुन्हा काळा. म्हणजे मजकुराच्या ओघातच एक मूक वर्ण पाठवून रंग बदलण्याची कल्पना पडद्याहून जुनी आहे. आपल्याकडचे पोथ्या लिहिणारे लेखक श्लोकांक आणि अध्यायसमाप्ती हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहीत, त्यांना या कल्पनेत नवे काही वाटले नसते. फरक एवढाच की लेखक बोरू बदलतो ते वाचकाला दिसत नाही. इथे बोरू बदलण्याची आज्ञाच मजकुरात गुंफलेली आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढचा सारा घोळ त्यातूनच निघाला आहे.

वर्णांच्या कोष्टकात जागा मोजक्याच, १२८. जगातील प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक करामतीसाठी स्वतंत्र वर्ण देणे अशक्य होते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या बॉब बेमर यांनी १९६० साली यावर तोड सुचवली. असा एक वर्ण ठेवा, की तो आला की पुढच्या वर्णांचा नेहमीचा अर्थ बाजूला पडेल आणि ठरवून दिलेला दुसरा अर्थ लागू होईल. हाच ‘एस्केप’. तुमच्या कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात बसलेली कळ ती हीच. ॲस्कीच्या रूढ कोष्टकात त्याचा क्रमांक २७. प्रोग्रामर तो ‘शून्य तीन तीन’ असा लिहितात, कारण युनिक्सची पहिली पिढी आकडे अष्टमान पद्धतीत लिहिण्याला सरावलेली होती, आणि तीन आठे चोवीस अधिक तीन म्हणजे सत्तावीस.

एस्केपने दार उघडले. पण दारापलीकडे काय असावे हे कोणीच ठरवले नव्हते. सत्तरच्या दशकात कागदाची जागा पडद्याने घेतली आणि प्रत्येक कंपनीने आपापली बोली सुरू केली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या, म्हणजे ‘डेक’च्या व्हीटी-५२ या टर्मिनलवर कर्सर हलवायचा तर एस्केपनंतर ‘वाय’ हे अक्षर, मग ओळ आणि स्तंभ. लिअर सीग्लरच्या एडीएम-३ए वर ‘वाय’च्या जागी बरोबरचे चिन्ह. (याच टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. त्यावर काम करणाऱ्या बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ या संपादकात कर्सर आजही याच चार कळांनी हलतो.) हेझलटाइन कंपनीने तर कमाल केली. तिच्या काही टर्मिनलांवर आज्ञेची सुरुवात ‘टिल्ड’ या नागमोडी चिन्हाने होई, परिणामी ते चिन्हच पडद्यावर छापता येत नसे.

ठळकपणा, अधोरेखन यांची अवस्था याहून केविलवाणी. टेलिव्हिडिओच्या काही टर्मिनलांत ‘येथून अधोरेखन सुरू’ ही खूण पडद्यावरच एक घर अडवून बसे. म्हणजे शब्द अधोरेखित करायचा तर त्याच्या मागेपुढे एकेक रिकामी जागा सोडणे भाग. प्रोग्रामरांनी या दोषाला ‘मॅजिक कुकी’ असे लाडके नाव दिले होते. लाड अर्थातच उपरोधाचा.

या बजबजपुरीवर दोन उपाय निघाले. दोन्हींची वृत्ती वेगळी आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

पहिला उपाय दुभाष्याचा. बर्कली येथे बिल जॉय यांनीच ‘टर्मकॅप’ नावाची एक सूची तयार केली. तीत टर्मिनलागणिक नोंद: याला पडदा पुसायला काय म्हणायचे, ठळक करायला काय, आणि याच्यात कोणती खोड आहे. हेझलटाइनच्या टिल्डसाठी आणि त्या ‘कुकी’साठी तीत खास रकाने आहेत. केन अर्नोल्ड यांनी यावर ‘कर्सेस’ हे ग्रंथालय रचले. १९८० च्या सुमारास ‘रोग’ नावाचा भुयारांत हिंडण्याचा खेळ त्याच्या आधारे निरनिराळ्या टर्मिनलांवर चालू लागला. जगात बोली अनेक आहेत आणि राहणार, हे या उपायाने गृहीत धरले होते.

दुसरा उपाय प्रमाणभाषेचा. युरोपातील ‘एक्मा’ या संस्थेने १९७६ साली ‘एक्मा-४८’ हे मानक काढले. अमेरिकेच्या ‘आन्सी’ संस्थेने १९७९ मध्ये आपले ‘एक्स ३.६४’ स्वीकारले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ ६४२९’ आले. आज प्रोग्रामर ज्यांना ‘आन्सी कोड’ म्हणतात ते या कुळातले. अमेरिकी मानक पुढे मागे घेण्यात आले, नाव मात्र तेच टिकले. जन्म युरोपात, नाव अमेरिकेचे. इतिहासात असे अन्याय होतच असतात.

या मानकाचे खरे सामर्थ्य मला त्याच्या व्याकरणात दिसते. आधी एस्केप, मग उघडणारा चौकटी कंस, मग अर्धविरामांनी तोडलेले आकडे आणि अखेरीस एक अक्षर. ते अखेरचे अक्षर क्रियापदाचे काम करते. ‘एच’ असेल तर कर्सर हलवा, ‘जे’ असेल तर पडदा पुसा, ‘एम’ असेल तर अक्षरांचे रूप बदला. आकडे म्हणजे कर्म. चार ही संख्या आणि ‘एम’ म्हणजे अधोरेखन, सात म्हणजे उलटे रंग, शून्य म्हणजे सारे पूर्ववत. वाक्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ठाम ठरलेले असल्यामुळे एक विलक्षण सोय झाली. टर्मिनलला आज्ञेचा अर्थ कळला नाही, तरी ती कोठे संपते हे कळते, आणि तेवढा भाग गाळून त्याला पुढे जाता येते. अज्ञान निरुपद्रवी झाले.

डेकचे व्हीटी-१०० ऑगस्ट १९७८ मध्ये बाजारात आले आणि या व्याकरणाचा प्रसार त्याने केला. आत इंटेल ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक होता. जुन्या टर्मिनलांना एवढे लांब व्याकरण समजून घेणे झेपले नसते. चिप स्वस्त झाल्या तेव्हाच प्रमाणभाषा परवडली. ठळक अक्षरे आणि लुकलुकणे यांच्यासाठी त्यात जास्तीचे कार्ड बसवावे लागे. रंग मात्र नव्हता. गडद पडद्यावर उजळ अक्षरे, एवढेच. तरीही रंगांच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. इतर कंपन्या त्याची नक्कल करू लागल्या, आणि पुढे रंगाच्या आज्ञा आल्या त्या याच क्रियापदाच्या, ‘एम’च्या, पोटात. एकरंगी टर्मिनल त्या गिळून टाकी, रंगीत टर्मिनल त्या पाळी.

आता आरंभीचा प्रश्न. अक्षरांच्या रंगांसाठी ३० ते ३७, पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७. तिशी आणि चाळिशी बाजूला ठेवा. उरतात शून्य ते सात. रंगीत पडद्याच्या नळीत तीन इलेक्ट्रॉन तोफा असत: लाल, हिरवी, निळी. लाल तोफेचे मोल १, हिरवीचे २, निळीचे ४ धरा. एकही तोफ पेटली नाही तर शून्य, काळा. लाल १, म्हणून ३१. हिरवा २, म्हणून ३२. लाल आणि हिरवा मिळून प्रकाशात पिवळा होतो, १ अधिक २ म्हणजे ३, म्हणून ३३ पिवळा. निळ्याला म्हणूनच ३४ पर्यंत थांबावे लागले. लाल-निळ्याचा किरमिजी ३५, हिरव्या-निळ्याचा आकाशी ३६, आणि तिन्ही मिळून पांढरा ३७. ही निवड कोण्या चित्रकाराची नाही. तीन तोफा बंद किंवा चालू ठेवण्याच्या सगळ्या शक्यता आठच होतात.

मानक लिहिणाऱ्यांची हौस मात्र आठांवर थांबली नाही. ३ तिरप्या अक्षरांना, ५ लुकलुकण्याला, ८ लपवण्याला, ९ खोडलेल्या मजकुराला, आणि २० चक्क ‘फ्राक्टुर’ या जुन्या जर्मन गॉथिक वळणाला! टर्मिनलवर गॉथिक अक्षरांची मागणी कोणी केली असेल याचे मला आजवर कोडे आहे. बहुतेक टर्मिनलांनी २० क्रमांकाला कधी दाद दिली नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याच्याबरोबर ‘सीजीए’ हे रंगीत कार्ड. पडद्यावरील प्रत्येक अक्षरामागे दोन बाइट: एक अक्षराचा, दुसरा रंगाचा. ८० स्तंभ, २५ ओळी, म्हणजे अवघे ४,००० बाइट. लाल, हिरव्या, निळ्याच्या जोडीला तेजाचा चौथा बिट दिल्याने रंग सोळा झाले. पण आयबीएमने मोल उलटे धरले होते, निळा १ आणि लाल ४. त्यामुळे मार्च १९८३ च्या डॉस २.० सोबत आलेल्या ‘आन्सी डॉट सिस’ या चालकाला दरवेळी लाल-निळ्याची अदलाबदल करावी लागे. आणखी एक खोच: आयबीएमच्या मॉनिटरमध्ये मंद पिवळ्याचा हिरवा अंश मुद्दाम कमी करणारे मंडल होते, त्यामुळे ३३ क्रमांकाचा ‘पिवळा’ पीसीवर तपकिरी दिसे. एकच आकडा, एकच मानक, आणि दोन पडद्यांवर दोन निराळे रंग.

डॉसवरचे बहुतेक प्रोग्राम या चालकाच्या वाटेला जात नसत. तो संथ होता, आणि पडद्याची स्मृती हाताशी असताना थेट तीतच लिहिणे सोपे होते. मग आन्सी कोड जगले कोठे? टेलिफोनच्या तारेवर. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिले संगणकीय सूचनाफलक, ‘बीबीएस’, सुरू केले होते. ऐंशीच्या दशकात अशी फलके गावोगाव झाली. दूरच्या संगणकाच्या स्मृतीत थेट लिहिता येत नाही. तारेवरून जाते ते एकापाठोपाठ एक अक्षर. रंग न्यायचा तर तो अक्षरांच्या ओघातच न्यावा लागतो. तांबड्या फितीची युक्ती इथे पुन्हा कामाला आली.

त्यातून एक कला जन्मली. ठोकळ्यांची अक्षरे, सोळा रंग आणि एस्केप यांतून ड्रॅगन, कवट्या, अक्षरचित्रे रंगवली जाऊ लागली. इयन डेव्हिस यांचा ‘द ड्रॉ’ हा प्रोग्राम १९८६ चा. ‘ॲसिड’ हा कलावंतांचा संघ १९९० चा. सेकंदाला २,४०० बिटांच्या मोडेमवर साधारण २४० अक्षरे येत, म्हणजे २,००० घरांचा पडदा भरायला आठ सेकंदांहून अधिक. चित्र ओळीओळीने, डोळ्यांदेखत उमलत असे. आज ती चित्रे क्षणात समोर येतात, आणि त्यांच्यातले काहीतरी हरवते असे मला वाटते.

आता त्या वाक्याकडे परत येऊ: आज्ञा मजकुरातच गुंफलेली आहे. मजकूर आणि आज्ञा एकाच वाटेने येत असतील, तर मजकूर लिहिणारा तुमच्या यंत्राला आज्ञाही देऊ शकतो. आन्सी डॉट सिसला एक जादा क्रियापद येत होते, ‘पी’. त्याने कळफलकावरील एखाद्या कळेचा अर्थ बदलता येई. कोणी खोडसाळाने साध्या मजकुराच्या फायलीत ती आज्ञा लपवली, तर फाइल नुसती वाचल्याने एखादी कळ ‘डिस्क पुसून टाक’ असे म्हणू लागे. यांना ‘आन्सी बॉम्ब’ म्हणत. पुढे २००३ साली एच. डी. मूर यांनी दाखवून दिले की अनेक आधुनिक टर्मिनलही अशाच सापळ्यात सापडतात. एक आज्ञा खिडकीचे शीर्षक बदलते, दुसरी ते शीर्षक परत मागते, आणि उत्तर येते ते थेट आज्ञेच्या ओळीवर, जणू तुम्हीच टंकित केल्यासारखे. सर्व्हरच्या नोंदवहीत कोणी असे शीर्षक पेरून ठेवले, तर ती चाळणारा प्रशासकच गोत्यात. पडद्यावर येणारे अक्षर म्हणजे केवळ पाहायची वस्तू, हा आपला समज इथे फसतो.

युनिक्सच्या जगात रंग उशिरा रुळला. ‘एक्सटर्म’ हे खिडकीतले टर्मिनल १९८४ चे. त्याला रंग आले नव्वदच्या दशकात. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये झाली ती टर्मिनलची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामातून, आणि त्याला रंगीत पीसी आयताच मिळाला होता. ‘एलएस’ या आज्ञेच्या ग्नू आवृत्तीत निर्देशिका निळ्या, चालवता येणाऱ्या फायली हिरव्या हा संकेत रूढ झाला. काळ्यावर गडद निळा वाचताना कित्येकांचे डोळे शिणले, पण संकेत टिकला. १९९९ मध्ये एक्सटर्मला २५६ रंग मिळाले. त्यांचा हिशेब सुंदर आहे: जुने १६, मग सहा गुणिले सहा गुणिले सहा अशा घनातले २१६, आणि राखाडीच्या २४ छटा. त्यानंतर १,६७,७७,२१६ रंगांची सोय आली. विंडोजच्या एनटी घराण्यातील कमांड खिडकीने मात्र हे व्याकरण स्वतःहून मान्य केले ते थेट विंडोज १० च्या काळात, व्हीटी-१०० नंतर सदतीस-अडतीस वर्षांनी.

या गोष्टीत पुण्याचाही एक धागा आहे. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले. त्याच्याशी निगडित ‘इस्की’ हे वर्णमानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात २३९ क्रमांकाला एक अदृश्य वर्ण आहे, ‘एटीआर’. त्याच्यामागून येणारा बाइट सांगतो: आता ठळक, आता तिरपे, आता अधोरेखित. आणि त्याच दाराने तो हेही सांगतो की आता देवनागरी, आता बंगाली, आता तमिळ. लिपी हेही अक्षरांचे एक रूपच, असे इस्कीने मानले. ब्राह्मीकुळातील लिप्यांची वर्णमाला समांतर असल्याने तोच मजकूर लिपी बदलून दाखवता येई. युनिकोडने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. एटीआर मात्र घेतला नाही, कारण अक्षराचे रूप हा वर्णमानकाचा विषय नाही अशी त्याची धारणा. बेमर यांची कल्पना भारतीय वेषात जरा वेगळीच नांदून गेली, याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

देवनागरीला टर्मिनलवर आजही सुख नाही, हे ओघाने सांगायला हवे. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या घरांची चौकट. टेलिटाइपचा तो वारसा. जोडाक्षर किती घरांचे, वेलांटी कोणत्या घरात, यावर टर्मिनल आणि प्रोग्राम यांचे एकमत होत नाही. तांबड्या रंगात मराठी सूचना छापायला जावे, तर रंग बरोबर बसतो आणि अक्षर मोडते.

राहिला प्रश्न रंग कधी देऊ नये याचा. प्रोग्रामचे उत्तर टर्मिनलऐवजी फायलीत चालले असेल, तर रंगाच्या आज्ञा तिथे कचरा होऊन बसतात. म्हणून शहाणा प्रोग्राम आधी ‘आयझॅटीटीवाय’ या फलनाला विचारतो: पलीकडे टेलिटाइप आहे ना? २०१७ साली ‘नो कलर’ नावाचा साधा संकेत मांडला गेला. वापरकर्त्याने त्या नावाचे चल आपल्या परिसरात ठेवले, तर प्रोग्रामने आपणहून रंग टाकू नयेत. अनेक प्रोग्रामांनी तो स्वीकारला आहे, काहींनी अद्याप नाही. यात केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण आठ टक्क्यांना लाल-हिरव्यातला भेद कमीअधिक प्रमाणात जाणवत नाही. चाचणी पडली आणि चाचणी पार झाली हा फरक केवळ ३१ आणि ३२ मध्ये ठेवला, तर त्यांच्यापुढे दोन सारख्याच ओळी उरतात. टेलिटाइपवर तांबडा पट्टा पुढे आला तरी ‘चूक’ हा शब्द कागदावर छापलेला असेच. तुमच्या पुढच्या प्रोग्रामात तो शब्द लिहून मग त्याला रंग द्या.